ओढ क्रमांक सत्तेचाळीस

उजाडल्याशिवाय जाळं सोडायचं नाही.
रात्री हेक तळ सोडून वर जातो, चरायला,
आणि पहाटे पुन्हा चिखलाशी येतो,
रात्रपाळी करून घरी आलेल्या माणसासारखा.
तो घरी असतानाच मोजायचा, असा नियम.
म्हणून आम्ही धुक्यात थांबलेलो,
ल्युडेरिट्झच्या पश्चिमेला, तीनशे दहा मीटर पाण्यावर.
कॉफीला डिझेलचा वास.

सहा चाळीस. शिवूते विंच सोडतो.
नऊशे मीटर तार कुरकुरत खाली जाते
आणि मग काही नाही.
एक ओढ म्हणजे तीस मिनिटं, तीन नॉट, सरळ रेषा.
खाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.
दोऱ्याने विहिरीतली कळशी शोधावी तसं आमचं शास्त्र.

जाळं येतं. टेबलावर ओततात.
मंकफिश: तोंडच तोंड, उरलेलं शेपूट.
उंदीरशेपट्या, डोळे दाबाने बाहेर आलेले.
आणि हेक, रुपेरी, तोंडाच्या आत काळे,
शाई प्यायल्यासारखे.
तुयाकुला फळीवर एकेक ठेवते, ओरडते,
"बेचाळीस! मादी! तिसरी अवस्था!"
मी लिहिते.
"एकोणीस! पोटात?"
पोटात दुसरा हेक. छोटा. त्याचीही लांबी घेतो.

मग डोकं चिरून कानातले दोन दगड,
तांदळाच्या कणीएवढे... नाही, जरा मोठे,
पोह्याएवढे.
कागदी पाकिटात घालून वर नंबर.
किनाऱ्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात कडी दिसतील,
कधी स्पष्ट, कधी वाद घालण्याजोगी.
मागच्या वर्षी एका दगडावरून आम्ही दोघी
तीन दिवस बोलत नव्हतो.
मी पाच म्हणत होते, ती सहा.

असं रोज, उत्तरेकडे सरकत.

सत्तेचाळीसाव्या ओढीला पाणी एकशे वीस मीटर.
कप्तान ब्यूकेस खाली उतरून आला. तो सहसा उतरत नाही.
"बाई, चार मैल बाजूला घेऊ.
माझा पडदा तिथे लाल झालाय. इथे काही नाही."
मी म्हटलं, ठिकाणं चार महिन्यांपूर्वीच चिठ्ठ्या काढल्यासारखी ठरलीत.
"पण मासा तिथे आहे!"
म्हटलं, माहीत आहे.
पंचवीस वर्षं माशाच्या मागे गेलेला माणूस,
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी दारात आलेल्याला उपाशी परत पाठवतेय.
मग वर गेला आणि रेषेवरून
केसभरही हलू न देता जहाज चालवलं.

जाळं आलं ते हिरव्या चिखलाने जड.
कुजक्या अंड्यांचा वास डेकभर.
दोन जेलीफिश, एक रिकामा शंख.
शिवूतेने नळी मारून जाळं धुतलं.
तुयाकुला फळीपाशी उभी, हातमोजे कोरडे.
बरंच थांबून ती ओरडलीच,
रोजच्याच आवाजात,
"हेक, शून्य!"
मी लिहिलं.

संध्याकाळी वॉल्विस बेच्या समोर फोनला दोन रेघा आल्या.
टाटे, माझा बाप, एकोणीस वर्षं
तिथल्या कारखान्यात डब्यात पिल्चर्ड भरायचा.
शेवटच्या वर्षी, तो सांगतो,
बोटी अर्ध्या यायच्या आणि वहीत पूर्ण लिहायच्या.
एका सोमवारी दाराला कुलूप.
त्याच्या बोटांवर अजून पत्र्याच्या कडांचे व्रण आहेत.

फोन उचलला की त्याचा एकच प्रश्न.
"आज किती?"
म्हटलं, आज शून्य.
तारेत वारा, की त्याचा श्वास, कळलं नाही.
"लिहिलंस?"
"लिहिलं."
"पेनने?"
"पेनने, टाटे."
बरं, म्हणाला,
आणि शेजारणीचं छप्पर पूर्वेच्या वाऱ्याने
कसं उडालं ते सांगत बसला,
रेघा जाईपर्यंत.